खुणेची जागा

सोहार. बेड नंबर सात. व्हेंटिलेटरचा चौदावा दिवस.
काचेबाहेर सेहेचाळीस अंश, आत मला हुडहुडी.
खमीस वल्द मुराद अल्-बलूशी, वय एकसष्ट,
वजन फाइलीत आहे : एकशे अठरा.
मान फाइलीत नाही.
हनुवटी संपते तिथेच ह्याची छाती सुरू होते.

मी ह्याला ओळखते.
मासळीबाजारात पहाटे लिलाव पुकारायचा,
बर्फावर पाय रोवून.
सुरमईला इथे कनअद म्हणतात हे मला ह्याच्याकडून कळलं,
आणि अरबी आकडेही.
तीन वर्षं मी गर्दीत मागे उभी राहून
ह्याच्या गळ्याकडे बघत मोजायला शिकले.
त्याला ह्याचा पत्ता नाही.

आज त्याच गळ्याला भोक पाडायचं आहे.
ऑपरेशन थिएटरपर्यंत न्यायचं तर वाटेत जाईल,
म्हणून इथेच, पडदा ओढून, खाटेवर.
मुलाने सही केली ती उभ्याउभ्या,
गाडीची किल्ली दातांत धरून.

डॉक्टर तय्यिब खार्तूमचे. तीस वर्षांची बोटं.
लेंग्यात गेलेली नाडी चाचपावी
तशी त्यांनी श्वासनळी चाचपली,
डोळे मिटले, पुन्हा चाचपली,
आणि जांभळ्या पेनाने फुली मारली.
इथे.

एक मिनिट, म्हणाली शम्सा,
आणि कोपऱ्यातलं सोनोग्राफीचं यंत्र ओढत आणलं.
त्याचं एक चाक कुरकुरतं, कधीची तक्रार दिली आहे.

थंड जेल. पडद्यावर राखाडी धुकं.
कुणालाच ऐकू न येणारा आवाज गळ्यात सोडायचा
आणि त्याच्या परतण्यातून चित्र जुळवायचं.
प्रोब उभा धरला तशी कड्यामागून कडी दिसू लागली,
काळ्या मण्यांची पोत.
(माझी लॉकरमध्ये आहे, ड्यूटीवर चालत नाही.)
मण्यांखाली हवेची पांढरी रेघ.
त्या रेघेपलीकडे काही दिसत नाही,
हवा ओलांडून हा आवाज जात नाही,
शम्सा म्हणाली, तिकडचं दुर्बिणीवर सोडू.

मग तिने प्रोब आडवा केला, फुलीवर ठेवला
आणि रंगाचं बटण दाबलं.
बरोबर फुलीखाली, आडवी,
करंगळीएवढी जाड,
लाल. विझून. लाल.

नव्या नर्सला वाटतं लाल म्हणजे धमनी, निळी म्हणजे शीर.
तसं नसतं.
लाल म्हणजे आपल्याकडे येतंय,
निळं म्हणजे दूर जातंय,
एवढंच.
ठोके पाहिले तेव्हा कळलं, धमनीच.

कुणी काही बोललं नाही.
डॉक्टर तय्यिबनी स्पिरिटचा बोळा मागितला,
स्वतःच फुली पुसली,
एक कडी वर नवी मारली
आणि हात धुवायला गेले.
नेहमीपेक्षा बराच वेळ नळ वाहत होता.

पुढचं माझ्या हातात : फुगा सैल कर,
तोंडातली नळी मागे घे, अजून, अजून, थांब.
सुई. सिरिंजमधल्या पाण्यात बुडबुडे.
तार. वाट रुंद करणारं ते पांढरं शिंग.
एक्क्याण्णव. अठ्ठ्याऐंशी. शहाऐंशी.
आकडे इतक्या शांतपणे पुकारताना
मी कुणालाच ऐकलं नव्हतं, आणि ती मीच होते.
मग नवी नळी जोडली, आणि पडद्यावर
कार्बन डायऑक्साइडच्या चौकोनी टेकड्या
एकामागून एक.
रक्त किती? दोन गॉज. तेही पुरते भिजले नव्हते.

सहाव्या दिवशी त्याने डोळे नीट उघडले.
आवाज नाही, हवा गळ्यातूनच बाहेर पडते,
तोंडापर्यंत येत नाही.
ओठ मात्र हलत होते.
मी विचारलं, ह्या मोसमात कनअद काय भाव?
त्याने काहीतरी सांगितलं.
खम्सा म्हणतानाही ओठ मधेच मिटतात
आणि अरबा म्हणतानाही.
मी आपल्या सोयीचं ऐकलं : चार रियाल?

त्याने अशा नजरेने पाहिलं
की बाजारात असते तर मला बाजूला काढलं असतं.
मग चादरीतून हात बाहेर आला, थरथरत,
पाचही बोटं वर.
एका बोटाला चिमटा, चिमट्यात लाल दिवा,
शहाण्णव.
गळ्यावर, पट्टीच्या कडेखाली,
पुसलेल्या फुलीचा जांभळा डाग अजून होता.